मोटार बॅटरीची निगा (सोलापूर परिसर)

इंजिन सुरू करण्यासाठी आणि ते बंद असताना दिवे, हॉर्न, सेंट्रल लॉक यांना वीज पुरवण्यासाठी मोटारीत जी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते, तिची ताकद टिकवण्याच्या पद्धती. बॅटरीबद्दलचा पुष्कळसा छापील सल्ला थंड मुलखातला आहे आणि त्यात भीती असते ती गोठणाऱ्या सकाळची. सोलापुरात बॅटरी मरते ती उन्हाने आणि गाडी नुसती उभी राहिल्याने. त्यामुळे इथे निगेचे महिने वेगळे, काळज्याही वेगळ्या.

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली आणि मूळ रसायन आजतागायत तेच आहे. डब्यात सहा सेल असतात. प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. धन प्लेट शिशाच्या डायऑक्साइडची, ऋण प्लेट सच्छिद्र शिशाची आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. चार्जिंगमध्ये हे उलटे घडते. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत फार दिवस ठेवली, तर या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात व मग चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत. गॅरेजमध्ये ‘प्लेटा सल्फेट झाल्या’ म्हणतात ते हेच.

ऊन : सोलापुरात मार्च ते मे या काळात पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४३-४४ अंशांवरही जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त उष्णता साठते. साधारण ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीतली रासायनिक झीज जवळपास दुप्पट वेगाने होते. धन प्लेटची जाळी गंजते, पाणी उडते आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. गंमत अशी की उन्हाळ्यात गाडी बिनतक्रार सुरू होत राहते, कारण उष्णतेत रासायनिक क्रिया जोमात चालते आणि इंजिन तेलही पातळ असते. वैशाखात झालेले नुकसान मग पावसाळ्यात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू झाल्यावर किंवा संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या एखाद्या पहाटे उघडे पडते. मालक थंडीला दोष देतो. थंडीने फक्त पंचनामा केलेला असतो. म्हणून बॅटरीची तपासणी फेब्रुवारीत एकदा आणि मेअखेरीस पुन्हा करावी. दिवाळीत करणे उशिराचे. गाडी कडुनिंबाखाली उभी केली तर काचेवर पाने-निंबोळ्या पडतात खऱ्या, पण दुपारच्या सावलीइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

पाणी : झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पाण्याची पातळी प्लेटांच्या वर, डब्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये असावी लागते. उन्हाळ्यात दर महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी पाहावी. पाहताना टॉर्च वापरावा. काडी पेटवून किंवा तोंडात बिडी ठेवून डोकावणे जिवावर बेतू शकते, कारण चार्जिंगच्या वेळी सेलमधून हायड्रोजन निघतो. प्लेट उघडी पडलेली दिसली तर आधी ती बुडेल इतकेच पाणी घालावे, बॅटरी चार्ज करावी आणि मगच वरच्या खुणेपर्यंत भरावे. चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल बाहेर सांडते. भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. उडते ते पाणी, आम्ल मागेच राहते. म्हणून ‘थोडं ॲसिड टाकून द्या’ हा आग्रह चुकीचा.

बोअरचे पाणी तर अजिबात नको. त्यातले लोह आणि क्लोराइड प्लेटांची नासाडी करतात आणि बॅटरी उभ्या-उभ्या उतरू लागते. नळाचे पाणीही चालत नाही, मग ते उजनी धरणाचे का असेना. घरच्या एसीतून ठिबकणारे पाणी बाटलीत साठवून वापरण्याची हौस बऱ्याच घरांत दिसते. ते वाफेचे असले तरी एसीच्या पत्र्यांवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येते. पेट्रोल पंपावर डिस्टिल्ड वॉटरची बाटली इतक्या थोड्या पैशांत मिळते, की ही काटकसर परवडत नाही. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत कॅल्शियम मिसळलेले शिसे वापरल्याने पाणी फार कमी उडते. तिच्यावरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळा मात्र सहापैकी एकाच सेलची खबर देतो; बाकीचे पाच कसे आहेत ते त्याला ठाऊक नसते.

उभी गाडी : सेल्फ मारला की बॅटरी फार खर्ची पडते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शे-दोनशे अँपिअरचा तो झटका दोन-तीन सेकंदांचा असतो आणि चालत्या गाडीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, तो थोड्या मिनिटांत भरून काढतो. खरी गळती बंद गाडीत होते. घड्याळ, अलार्म, संगणकीय यंत्रणा मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) जातात. छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबाने सुमारे १५ दिवसांत निम्मी होते. आठवडाभर दारात उभी आणि मग आसरा चौकातून नवी पेठेत जाऊन परत, तेही एसी लावून, गर्दीत थांबत-थांबत : एवढ्या चालण्याने ही तूट भरत नाही. शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरी फार सावकाश घेते. तुळजापूर किंवा अक्कलकोटची फेरी त्या मानाने पुष्कळ उपयोगी, पण खोल उतरलेल्या बॅटरीला चार्जरच हवा. क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअरने, रात्रभर चार्ज करणे सर्वांत चांगले. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर ऋण टर्मिनल काढून ठेवावे. घड्याळ पुन्हा लावावे लागते, एवढाच त्रास.

तपासणी : शे-पाचशेच्या मल्टिमीटरने बरेच कळते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चावी न फिरवता मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली बॅटरी जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. कमी असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा तो फिरवणाऱ्या पट्ट्याचा आणि नवी बॅटरी घेऊन पैसे वाया जातात. झाकणाच्या बॅटरीत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर अधिक खरे सांगतो. पाच सेल १.२५ आणि एकच १.१५ दाखवत असेल, तर तो एक सेल गेलेला असतो आणि चार्जिंगने उठत नाही.

अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय काही मिस्त्रींना अजून आहे. डायनॅमोच्या काळात ते खपून गेले. आताच्या गाडीत त्या क्षणी दाब एकदम उसळतो आणि संगणकीय भाग जळू शकतो. गाडी आपली असेल तर मिस्त्रीचा हात धरावा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला की संपर्क बिघडतो आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. आधी ऋण, मग धन वायर काढावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासले की थर फेसाळून सुटतो. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. कोरडे पुसून वायरी घट्ट बसवाव्यात, आधी धन, मग ऋण, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. बॅटरी पकडणारी पट्टीही ओढून पाहावी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर सैल बॅटरीच्या प्लेटा हादऱ्यांनी खिळखिळ्या होतात.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना धनाला धन जोडावे. ऋणाची केबल चांगल्या बॅटरीपासून बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी, उतरलेल्या बॅटरीला नाही. म्हणजे ठिणगी हायड्रोजनपासून दूर पडते. विजेवरच्या मोटारीतही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

उष्ण भागात बॅटरी तीन-चार वर्षे चालली तर ती नीट चालली असे समजावे. नवी घेताना डब्यावरचा उत्पादनाचा महिना पाहावा आणि दुकानातच व्होल्ट मोजून घ्यावेत. वॉरंटीचा सुरुवातीचा काळ बहुधा मोफत बदलीचा असतो आणि पुढच्या काळात फक्त किमतीत सूट मिळते. कार्डावर तारीख आणि शिक्का नसेल तर दोन्ही बुडतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे दिली की नवीच्या किमतीतून वजावट होते. भंगारवाल्याने ती फोडून आम्ल गटारात ओतले आणि शिसे उघड्यावर वितळवले, तर त्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसे जाते.