बाल्सा रॉकेटची बिजागरी गोंदाच्या कडेलाच काहून तुटते?

परवा नागपुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरींनी बाल्सा नावाच्या एकदम हलक्या लाकडाचं रॉकेट ठेवलं होतं, वर जाताना पंख अंगाला चिकटलेले आणि वरून येताना रबरबँडने उघडून भिंगरीसारखं फिरत उतरणारं, एकदम भारी कल्पना. टेबलावर चार-पाच वेळा उघडझाप केली आणि एक पंख बिजागरीपाशी तुटून हातात आला. बाजूचे काका लगेच म्हणाले, "अजून झटपट गोंद टाका न, पक्कं होईल." पण पंख तुटला होता त्या गोंदामुळेच!

बाल्साचं लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, झाड ६ ते ८ वर्षांत तोडण्याजोगं होतं. जिवंतपणी पेशी पाण्याने भरलेल्या असतात, वाळल्यावर पातळ भिंतींच्या पोकळ नळ्या उरतात, म्हणून एक घनमीटर बाल्सा साधारण १६० किलो आणि सागवान ६५० च्या आसपास. या नळ्यांच्या दिशेने लाकूड दणकट, आडवं मात्र चटकन फाटतं.

झटपट गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट, तो हवेतल्या, लाकडातल्या थोड्याशा ओलाव्यानेच घट्ट होतो. पातळ असल्यामुळे नळ्यांमध्ये मुरतो आणि काचेसारखा कडक बनतो. आता एका बाजूला कडक लाकूड, लगेच शेजारी मऊ लाकूड, मग दर वेळी सगळी वाक त्या सीमेवरच गोळा होते. तुटलेला पंख पहा, चीर गोंदाच्या कडेला लागूनच असते.

आता माझी आवडती गोष्ट. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि बाहेरची किती ताणली जाते ते काढायला अर्धी जाडी भागिले वळणाची त्रिज्या, बस. ३ मिमी बाल्सा ६० मिमी त्रिज्येत वाकवला तर १.५ भागिले ६०, म्हणजे २.५ टक्के, एवढ्यात बाल्सा मोडतो. ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायचं ०.१ मिमीचं पारदर्शक पॉलिएस्टर, २ मिमी त्रिज्येत घडी घातलं तरी तेच २.५ टक्के, आणि पॉलिएस्टर ते आरामात सोसतं. शिवाय वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे त्याच मटेरियलची जाडी ३० पट कमी केली की विरोध २७,००० पट कमी!

म्हणून बिजागरी अशा शीटच्या पातळ पट्टीची हवी, आणि दोन तुकड्यांत फट हवी. काटकोनात दुमडायचं, त्रिज्या २ मिमी, तर पाव वर्तुळाची लांबी साधारण ३ मिमी, तेवढीच फट ठेवा. फट न ठेवता चिकटवलं की त्रिज्या जवळपास शून्य होते आणि वरचं सगळं गणित बोंबलतं.

फटीमुळे पंख थोडा डुलतो, म्हणून उघडल्यावर तो ज्यावर टेकेल असा प्लायवूडचा अडकाव वेगळा द्या, रबरबँडचा झटका बिजागरीवर येता कामा नये. शीट गुळगुळीत असते, चिकटवायची जागा आधी सॅंडपेपरने खरवडा, आणि साध्या सेलोटेपवर भिस्त ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला गेला की त्याचा गोंद सरकतो.

त्याच टेबलावर नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली होती. पोरींनो, ती सोडा, नजरेने पंख तुटत नाही, आणि ते वजन टोकाला असतं तर रॉकेटचा तोल बदलला असता. त्यापेक्षा उडवायच्या आधी घरी पंख शंभर वेळा उघडझाप करा आणि दर दहा वेळांनी भिंगातून कडा पहा, चीर दिसली की पट्टी बदला.