धूरनळी : घरगुती बॉयलर व गॅस गिझरची

घरात पाणी तापवण्यासाठी जाळलेल्या इंधनाचे वायू बॉयलरमधून किंवा गॅस गिझरमधून बाहेर नेऊन, ते कोणाच्याही श्वासात परत येणार नाहीत अशा जागी सोडणाऱ्या नळीस धूरनळी म्हणतात. कारागीर तिला फ्लू किंवा नुसते ‘चिमणीचा पाइप’ म्हणतात. गॅसची ज्योत नीट जळत असेल तर डोळ्यांना धूर दिसत नाही, त्यामुळे नावातला धूर फसवा आहे. ब्रिटनसारख्या थंड देशात बॉयलर न्हाण्याच्या पाण्याबरोबर सारे घरही तापवतो, आणि त्याच्या धूरनळीची जागा तेथील नियमांनी मिलिमीटरमध्ये ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे मैदानी प्रदेशात घर तापवण्याची पद्धत नाही. मात्र न्हाणीघरातील गॅस गिझरची ज्योत निसर्गाच्या त्याच नियमांनी जळते व विझते. प्रस्तुत नोंदीत ग्वाल्हेरची घरे मुख्यतः समोर ठेवली आहेत. तेथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा पाच अंशांखाली उतरते, न्हाणीची खिडकी घट्ट लावली जाते, आणि लष्कर भागातील जुने वाडे व नव्या वस्त्यांतील सदनिका या दोन्हींत नळीचे तोंड कुठे काढावे हा प्रश्न निराळ्या रीतीने अवघड होतो.

मराठी घराला धूरनळी तशी नवी नाही. तांब्याच्या बंबाच्या पोटातून जी उभी नळी जाते ती धूरनळीच होय. खालच्या जाळीवर बंबफोड (लाकडाचे लहान तुकडे) किंवा कोळसे पेटतात, ऊन वायू नळीतून वर चढताना भोवतीच्या पाण्याला उष्णता देतात, आणि नळीच्या तोंडावरची टोपी अर्धी झाकली की ओढ, म्हणजे नळीतून वायू वर खेचले जाण्याचा जोर, मंदावून निखारे जास्त वेळ टिकतात. बंब चौकात किंवा परसात पेटवावा आणि धूर सरल्यावर न्हाणीत न्यावा, अशी जुनी रीत होती. त्या रीतीमागची समजूत मात्र अर्धीच बरोबर होती, कारण लालबुंद निखाऱ्यांतून धूर निघेनासा झाला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवून निजणाऱ्यांचे जीव जातात ते याच कारणाने.

ज्वलन आणि विषारी वायू

नैसर्गिक वायूचा एक घनमीटर पूर्ण जळण्यास सुमारे दहा घनमीटर हवा लागते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडबरोबर सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सिलिंडरमधील गॅस, म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण, तेवढ्याच आकारमानाला त्याच्या अडीच ते तीन पट हवा मागतो. हवा कमी पडली की कार्बनचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास ज्वलनात नाहीसा झालेला असतो, म्हणून नाक येथे उपयोगी पडत नाही. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला सुमारे २०० ते २५० पट अधिक ओढीने धरून ठेवते. हवेत त्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आसपास गेले तर काही मिनिटांत डोके दुखू लागते व अर्ध्या तासात मृत्यू येऊ शकतो; एक टक्क्याच्या पुढे गेले तर दोन-तीन श्वासांतच शुद्ध हरपते.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा साधा गिझर दहा मिनिटांत साठ लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या पाणी देतो. तेवढ्या वेळात तो सुमारे १६० ग्रॅम गॅस जाळतो आणि दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. पाच फूट रुंद, सात फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरात सारी हवा आठ घनमीटरांहून कमीच असते. दार-खिडकी बंद असेल आणि धूरनळी नसेल तर पहिल्या माणसाच्या आंघोळीतच खोलीतला चौथा हिस्सा ऑक्सिजन जातो. त्यापुढे ज्योत पिवळी पडू लागते आणि विष तयार होण्याचा वेग वाढतो, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाने न्हाणारा पहिल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातले सगळे एकापाठोपाठ अभ्यंगाला बसतात आणि गिझर तासभर बंद होत नाही. या प्रकाराची सर्वांत कठीण परीक्षा त्या दिवशी होते असे म्हणता येईल. न्हाणीत माणूस बेशुद्ध सापडला की घरचे फिट आली असे समजतात. अशा रुग्णांचे वर्णन भारतीय मज्जाविकारतज्ज्ञांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने केलेले आहे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे साधे यंत्र या रुग्णांत बहुधा चांगला आकडा दाखवते, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हीमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही.

उपकरणांचे तीन प्रकार

ज्वलनाची हवा कोठून येते आणि वायू कोठे जातात यावरून उपकरणांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात धूरनळीच नसते. हवा खोलीतून घेतली जाते आणि वायू खोलीतच सोडले जातात. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक लहान गिझर याच वर्गातले आहेत. दुसऱ्यात हवा खोलीतून येते पण वायू नळीने बाहेर जातात. तिसऱ्यात ज्वलनकक्ष खोलीपासून पूर्ण बंदिस्त असतो: एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांपैकी बाहेरच्या नळीतून हवा आत येते व आतल्या नळीतून वायू बाहेर जातात. या दोन नळ्यांचे नेहमीचे व्यास १०० व ६० मिलिमीटर असतात. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅससुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात तिसऱ्या वर्गाखेरीज दुसरे उपकरण बसवता येत नाही. आपल्याकडे पहिल्या वर्गातला गिझर न्हाणीच्या आत, नेमका नळाच्या वर, टांगलेला सर्रास दिसतो. त्यासाठी वरच्या झरोक्याकडे बोट दाखवले जाते, पण थंडीत तोच झरोका वर्तमानपत्राने बुजवलेला असतो. बिननळीच्या गिझरची खरी जागा न्हाणीबाहेरची उघडी गॅलरी किंवा गच्ची ही आहे. गरम पाण्याचा नळ तेवढा आत न्यावा.

ओढ

पंखा नसलेली धूरनळी केवळ ऊन वायू हलके असतात एवढ्याच बळावर चालते. नळीतील वायू १५० अंश व बाहेरची हवा २० अंश असताना एक मीटर उभ्या नळीत जेमतेम साडेतीन पास्कल दाबफरक तयार होतो; टेबलावर ठेवलेल्या चार-पाच कागदांचा भार तेवढा असतो. इतक्या नाजूक ओढीला न्हाणीतला किंवा शेजारच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सहज उलटी फिरवतो, आणि मग नळी बाहेरची हवा आत आणून वायू खोलीत लोटते. हवा ‘साफ’ व्हावी म्हणून पंखा लावणारा माणूस अशा घरात नेमके उलटे काम करून बसतो. यावरूनच बसवणीचे बहुतेक नियम निघतात. उपकरणावर पहिला ६०० मिलिमीटर भाग सरळ उभा असावा, वळणे काटकोनाऐवजी ४५ अंशांची असावीत, आणि नळीचा व्यास उपकरणाच्या तोंडापेक्षा कोठेही लहान होऊ नये. सुरकुत्यांचा लवचीक ॲल्युमिनियमचा नळा कारागिराला सोपा पडतो, पण तो मध्येच झोळीसारखा लोंबतो, थंडीत त्या खोलगटात पाणी साचते आणि वाट अर्धी बंद होते. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप तर या कामाला चालतच नाही, कारण शंभर अंशांच्या आतच तो मऊ पडतो. जाड, सांधे पक्के असलेली स्टीलची नळी हाच सरळ मार्ग आहे.

पंख्याच्या बंदिस्त बॉयलरला वाऱ्याची आणि उंचीची एवढी पर्वा नसते. त्यातील ऊन वायूंतली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या प्रकारात आडवी नळी बॉयलरकडे किंचित उतरती ठेवतात, म्हणजे साचलेले आम्लधर्मी पाणी भिंतीवरून न ओघळता बॉयलरमधूनच मोरीला जाते.

तोंड कोठे काढावे

नळीचे तोंड भिंतीबाहेर काढले म्हणजे वायू बाहेर गेले, असे धरून चालणे ही या विषयातली सर्वांत रुळलेली चूक आहे. ब्रिटिश नियमांत पंखा असलेल्या बंदिस्त बॉयलरचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून वर, खाली आणि बाजूला किमान ३०० मिलिमीटर, समोरच्या भिंतीपासून ६०० मिलिमीटर, आणि दुसऱ्या बॉयलरच्या समोरासमोरच्या तोंडापासून १,२०० मिलिमीटर दूर असावे लागते. एकाच भिंतीवर एकावर एक तोंडे असतील तर त्यांत १,५०० मिलिमीटर अंतर ठेवतात. माणसाचा हात पोहोचेल अशा ठिकाणी जाळीदार पिंजरा लावतात. हे आकडे यंत्राने जोराने फेकलेल्या वायूंसाठी आहेत. बिनपंख्याच्या नळीचे तोंड खिडकीजवळ काढणे तर दूरच, ते गच्चीच्या कठड्याच्याही वर, मोकळ्या वाऱ्यात न्यावे लागते.

ग्वाल्हेरात अडचण येथे सुरू होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली दिलेला तळ पुढे लष्कर या नावाचे शहर झाला. त्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या खोल्या चौकाकडे उघडतात, तर बाहेरची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली असते. न्हाणीच्या भिंतीला भोक पाडून नळी चौकात काढली की कारागिराचे काम संपते. पण चौक हा आकाश दिसत असले तरी चारी बाजूंनी बंद असा हौद आहे. हिवाळ्याच्या बिनवाऱ्याच्या, धुकट पहाटे त्यातली हवा हलत नाही, आणि थंडावलेले वायू वर जाण्याऐवजी माडीवरच्या सज्जात व खोल्यांत शिरतात. सदनिकांत चौकाची जागा डक्टने घेतली आहे. चार-पाच फूट रुंदीच्या त्या उभ्या पोकळीत प्रत्येक मजल्याच्या न्हाणीची खिडकी उघडते, सांडपाण्याचे पाइप त्यातूनच उतरतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या गिझरचे वायू वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीत पोहोचतात. गिझर ज्याचा, बाधा त्यालाच होईल असा नेम नाही. चौक असो वा डक्ट, त्यातून नळी गच्चीच्या वरपर्यंत उभी नेणे हाच उपाय उरतो. ते परवडत किंवा जमत नसेल तर विजेचा गिझर बसवावा, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

बसवणी व तपासणी

जुन्या वाड्याची दगडी भिंत दीड-दोन फूट जाड असते आणि तिच्या पोटात चुना व दगडांची भर असते. नळी नुसती भोकातून सारली तर भरावातल्या फटींतून वायू बाजूच्या खोलीत झिरपू शकतात. म्हणून भिंतीच्या पूर्ण जाडीइतकी दुसरी, थोड्या मोठ्या व्यासाची नळी आधी पक्की बसवतात, तिच्यातून धूरनळी सलग नेतात आणि दोन्ही तोंडांशी फट बुजवतात. भिंतीच्या आत सांधा येता कामा नये. फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेली नळी हा तोच दोष नव्या रूपात आहे. इंग्लंडात अशा झाकलेल्या नळीजवळ पाहणीसाठी झडपा ठेवाव्या लागतात.

सिलिंडरऐवजी पाइपचा गॅस आला की गिझर बदलायला नको असे पुष्कळांना वाटते. दोन्ही गॅसचा दाब व उष्मांक वेगळा असल्यामुळे जेटचे, म्हणजे गॅस ज्या तोटीतून ज्योतीकडे येतो तिचे, छिद्र बदलावे लागते. सिलिंडरच्या गॅसवर चुकून पाइपच्या गॅसचे मोठे जेट राहिले तर ज्योत लांब, पिवळी आणि काजळीची होते, आणि मग उत्तम नळीही पुरी पडत नाही.

तपासणीला मोठे यंत्र नसले तरी उदबत्ती चालते. दारे-खिडक्या लावून, घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करून गिझर पाच मिनिटे पेटता ठेवावा आणि नळी जेथे सुरू होते तेथील झालरीसारख्या उघड्या कडेला पेटती उदबत्ती धरावी. धुराची रेघ आत ओढली गेली तर ओढ ठीक आहे. ती थरथरून बाहेर, आपल्या तोंडाकडे वळली तर गॅसची कळ लगेच बंद करावी आणि नळी दुरुस्त होईपर्यंत ती उघडू नये. गिझरच्या वरच्या कडेला तपकिरी वा काळा डाग, भिंतीवर सतत ओल, ज्योतीची पिवळी टोके या खुणाही तेच सांगतात. कार्बन मोनॉक्साइडचा गजर उपकरणापासून एक ते तीन मीटरांवर लावतात. तो उपयोगी आहे, पण नळीची जागा घेत नाही.

ग्वाल्हेरात गिझर मार्चनंतर बंद होतो आणि ऑक्टोबरपर्यंत नळी रिकामी असते. तेवढ्या काळात गच्चीवरच्या तोंडात कबुतरे काड्या भरून घरटे करतात. तोंडावर फार बारीक जाळी लावली तर ती काजळीने बुजते, फार मोठी लावली तर पाखरू शिरते. बोट जेमतेम जाईल एवढे छिद्र बरे. दिवाळीपूर्वी नळी वरून उघडून पाहावी, खालून आरसा धरून आत उजेड दिसतो का ते पाहावे, आणि मगच गिझर पेटवावा.