जुनी प्रेमकादंबरी मराठवाड्यात शिळी का लागते?

पन्नाशीत जुनी आवडती प्रेमकादंबरी पुन्हा वाचायला घेतली की मराठवाड्यातला वाचक जरा जास्तच खट्टू होतो, असं माझं निरीक्षण आहे. पुण्याचा वाचक त्या भाबडेपणाला हसतो आणि पुस्तक मिटतो. आपल्याकडे मात्र कुणीतरी फसवल्याची भावना येते. तिचं मूळ शोधायचं तर ही पुस्तकं आपल्याकडे कशी आली, ते पाहावं लागतं.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निझामाचं राज्य. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. मराठीतून शिकायचं तर औरंगाबादच्या सरस्वती भुवनसारख्या (१९१५) मोजक्या खासगी शाळा. अशा मुलखात मराठी वाचनालय काढणं म्हणजे भाषा राखणं होतं, आणि निझामाच्या पोलिसांच्या लेखी ते राजकारणच. मराठी पुस्तकांचा बाजार पुण्या-मुंबईत. तिथून मनमाडला यायचं, गाडी बदलायची आणि निझामाच्या मीटरगेजने पुढे, अशी तेव्हाची वाट. एवढ्या लांबून आलेलं पुस्तक कुणी ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला टाकत नसे. कपाटात टिळकांच्या ग्रंथाशेजारी ना. सी. फडक्यांची कादंबरी बसली आणि तिलाही तोच मान मिळाला. पुण्यात जे रंजन होतं, ते इथे ‘आपलं मराठी’ झालं. पुढच्या सगळ्या गफलतीचं बीज मला इथेच दिसतं.

खरं तर रंजनाच्या कादंबरीचा तो प्रकार जुनाच. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या, त्यांतली रंजनाची प्रवृत्ती ‘मुक्तामाला’पासून (१८६१) सुरू होते. अडचणीत सापडलेली सद्गुणी नायिका, योगायोग, शेवटी मीलन. फडक्यांनी त्यातली अद्भुतता काढली आणि कॉलेज, टेनिस, मोटार आणली. ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) त्यांनी तंत्राचा पाठच दिला. त्या तंत्राला आजही हसता येत नाही. पहिल्या पाच पानांत वाचकाला बांधून ठेवणं सोपं नसतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झालं आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. वाचणारी पहिली पिढी खऱ्या अर्थाने तेव्हा तयार झाली. खाकी पुठ्ठ्याच्या बांधणीतली, पहिलं पान गेलेली, समासात ‘वा!’ लिहिलेली कादंबरी माळवदावर पडून वाचायची, हा उन्हाळ्याचा कार्यक्रम. पुस्तक पोराच्या नावावर यायचं, पण दुपारी ते आई वाचायची आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी. तोवर फडके संप्रदायातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे लेखक आले होते. त्यांच्याकडे तंत्र होतं, बाकी फारसं काही नव्हतं.

आता तीच पुस्तकं वाचताना आधी खटकतो तो नायक. नायिकेचं प्रेम पारखायला तो खोटं बोलतो, आठवडाभर तिला रडवतो आणि लेखक याला खेळकरपणा म्हणतो. तिची पदवी लग्न ठरेपर्यंतच कामाची. गड्याला नाव नाही. खेडं येतं ते सुटीत, नायकाला हवापालट म्हणून. जात कुठेच नाही, कारण सगळी पात्रं एकाच जातीची. आणि पाऊस! या कादंबऱ्यांत तो दोघांना एका छत्रीत आणण्यापुरता पडतो. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या घरच्या बायका सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, त्यांच्या मुलांनीही तो पाऊस मनापासून वाचला. तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. छापलेलं मराठी आयुष्य ते, आपलं नसलं तरी आपल्याला मिळू शकेल असं. इथल्या वाचकाचं प्रेम नायिकेवर कमी आणि त्या गॅलरीवर, चहाच्या ट्रेवर, ‘तुम्ही-आम्ही’च्या स्वच्छ भाषेवर जास्त होतं. पुढे नोकरी लागली, पुण्यात फ्लॅट झाला, गॅलरीही आली. मग कादंबरीत उरलं फक्त कथानक, आणि ते पहिल्यापासूनच बेताचं होतं.

ही चिरफाड इथेही बरीच आधी सुरू झाली होती. नांदेडला नरहर कुरुंदकर ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरी तपासत होते. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयातून (आजचं मिलिंद) वेगळंच जग पाहिलेली मुलं लिहिती झाली. १९७१ मध्ये रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ आली. शिंप्याचं घर, गावची बोली, आणि नवऱ्याच्या हट्टापायी संसार मोडताना पाहणारी बायको स्वतःच सारं सांगते. तीही नवरा-बायकोचीच गोष्ट, पण छत्रीशिवायची. तेव्हा छत्रीवाली कादंबरी आणि ‘पाचोळा’, दोन्ही पुस्तकं एकाच वाचनालयात होती. झिजली मात्र पहिली.