पोषणपूरकांची गुणवत्ता आणि शोषण

जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिने, मेदाम्ले किंवा वनस्पतींचे अर्क गोळी, कॅप्सूल वा पुडीच्या रूपात विकले जातात, तेव्हा त्यांना पोषणपूरके किंवा रूढ भाषेत सप्लिमेंट म्हणतात. त्यांची पारख करताना दोन प्रश्न विचारावे लागतात : वेष्टनावर लिहिलेला घटक सांगितलेल्या प्रमाणात व शुद्ध स्वरूपात आत आहे का, आणि तो आतड्यातून रक्तात पोहोचतो का. पहिला प्रश्न गुणवत्तेचा आहे, दुसरा शोषणाचा. शास्त्रीय परिभाषेत या शोषणाला जैवउपलब्धता म्हणतात. मॅग्नेशियम ऑक्साइडाची शुद्ध गोळी पहिल्या कसोटीला पूर्ण उतरते, तरी तिच्यातील मॅग्नेशियमचा थोडाच भाग शरीराच्या उपयोगी पडतो. ग्राहकाची बहुतेक फसगत या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे होते.

ठाणे आणि नवी मुंबई या शहरांचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत दिघ्यापासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत आणि त्यापुढे पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात औषधनिर्मितीचे कारखाने व विश्लेषण प्रयोगशाळा आहेत, आणि परदेशी माल उतरवून घेणारे न्हावा-शेवा बंदर नवी मुंबईच्या शेजारीच उरण तालुक्यात आहे. दुसरीकडे नौपाडा, वाशी, नेरूळ येथील औषधांची दुकाने आणि व्यायामशाळा म्हणजे याच मालाची मोठी गिऱ्हाइके.

भारतात पोषणपूरके कायद्याने अन्न मानली जातात, औषध नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील पोषणपूरकांचे विनियम २०१६ साली अधिसूचित होऊन १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या जागी सुधारित विनियम आले. वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. दुकानाच्या एकाच फळीवर मात्र दोन वेगळ्या कायद्यांचा माल शेजारी शेजारी उभा असतो : कॅल्शियमची एक स्ट्रिप १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील उत्पादन परवान्यावर बनलेली, तर दुसरी अन्न परवान्यावर. महाराष्ट्रात दोन्हींवर देखरेख अन्न व औषध प्रशासनच करते. चौदा अंकी क्रमांकाचा अर्थ एवढाच की उत्पादकाला परवाना आहे. हातातल्या बाटलीची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

वेष्टन वाचण्याची खरी सुरुवात क्षार, म्हणजे गोळीतले पूर्ण संयुग, आणि त्यातील मूलद्रव्य यांतील फरकापासून होते. कॅल्शियमच्या नेहमीच्या स्ट्रिपमागे बारीक अक्षरांत ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, मूलद्रव्य कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमइतके’ असा मजकूर असतो, कारण कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्केच कॅल्शियम असते. सायट्रेटमध्ये ते साधारण २१ टक्के असते, म्हणजे १००० मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीतून सुमारे २१० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पुढच्या बाजूचा ठळक आकडा क्षाराचा आहे की कॅल्शियमचा, हे पाहिल्याशिवाय दोन कंपन्यांच्या किमतींची तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र जास्त टक्के असलेला क्षारच प्रत्येकाला चांगला, असेही नाही. कार्बोनेट विरघळायला जठरातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यावे. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालते, आणि वर्षानुवर्षे ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या वृद्धांना तेच अधिक मानवते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे हजाराचा डोस एकदम घेण्यापेक्षा दोनदा विभागून घेतलेला बरा.

शोषणाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो लोहाच्या बाबतीत. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. फेरस फ्युमरेटमध्ये लोहाचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के असते. परंतु गोळीतले लोह रक्तात किती जाईल, हे क्षाराइतकेच ती कशाबरोबर गिळली यावर ठरते. सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत चहाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी घेणे हा दोन्ही शहरांतल्या असंख्य घरांचा परिपाठ आहे, आणि त्याची हळहळ वाटावी असाच तो आहे, कारण चहातील पॉलिफेनॉले लोहाला बांधून ठेवतात. जेवणाबरोबर प्यायलेल्या एका कपाने जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते. तीच गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. गरोदरपणी लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू असतात. एकत्र गिळल्यास कॅल्शियम लोहाच्या आड येते, म्हणून त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. लोहाचा मोठा डोस घेतल्यावर यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक सुमारे दिवसभर वाढलेले राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या डोसाचे शोषण कमी करते. लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांवर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांत एकाआड एक दिवस घेतलेल्या गोळीतून दर डोसामागे जास्त लोह शोषले गेले, ते याच कारणाने. अर्थात गरोदरपणी किंवा तीव्र पंडुरोगात डॉक्टरांनी ठरवलेला क्रम आपल्या मनाने बदलू नये.

ब१२ जीवनसत्त्वाचे गणित वेगळे आहे. जठरात स्रवणाऱ्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड ते दोन मायक्रोग्रॅमच ब१२ शोषले जाते. त्यावरच्या मात्रेपैकी सुमारे १ टक्का तेवढा आपोआप झिरपतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून हाती लागतात साधारण बारा. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास असल्याने एवढे पुरते, आणि वेष्टनावरचा फुगलेला आकडा इथे फसवणुकीचा नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब१२ कमी होण्याचा धोका असतो, आणि शाकाहारी घरांत तो अधिक. ड जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घेणे योग्य. त्याची मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत लिहितात. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आठवड्याला एक म्हणून दिलेले ६०,००० एककांचे पाकीट रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

गोळीतून घटक बाहेरच पडला नाही तर शोषणाचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून प्रयोगशाळेत विघटनाची चाचणी होते. टोपलीसारख्या चौकटीत सहा काचनळ्या, प्रत्येकीच्या तळाला जाळी आणि आत एकेक गोळी. ही टोपली ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटाला सुमारे ३० वेळा खालीवर होते. भारतीय औषधकोशानुसार बिनलेपाची साधी गोळी १५ मिनिटांत फुटून जाळीतून निघून जावी लागते. आतड्यात फुटण्यासाठी लेप दिलेल्या गोळीने मात्र सौम्य आम्लात दोन तास शाबूत राहणे अपेक्षित असते. घरी व्हिनेगरमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची साधी गोळी टाकून, अधूनमधून ढवळत, ती अर्ध्या तासात विरघळते का हे पाहता येते. न विरघळणारी गोळी संशयास्पद खरी; पण विरघळलेली गोळी शोषली जाईलच, अशी हमी हा प्रयोग देत नाही, आणि लेपाच्या गोळीला तो लागूही होत नाही. शोषण मोजायचे तर गोळी दिल्यानंतर ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेऊन घटकाची पातळी किती चढली आणि किती वेळ टिकली, याचा आलेख काढावा लागतो.

प्रथिनपुडीत भेसळीला वाव मिळतो तो मोजणीच्या पद्धतीमुळे. नेहमीच्या तपासणीत प्रथिन थेट मोजले जात नाही. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनही वाढते : १ ग्रॅम ग्लायसिन या हिशोबात जवळजवळ १.१७ ग्रॅम प्रथिन ठरते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले, त्यामागे हीच युक्ती होती. भारतीय बाजारातील ३६ प्रथिनपूरकांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनाची माहिती चुकीची आढळली. दुधाच्या निवळीपासून मिळणाऱ्या व्हे प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल साधारण दहा-अकरा टक्के असते. तेव्हा एका मापात २४ ग्रॅम प्रथिन सांगणाऱ्या पुडीच्या अमिनो आम्लांच्या तक्त्यात ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास दिसायला हवे. ज्या डब्यावर असा तक्ताच नाही, तो व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने सुचवला म्हणून घेऊ नये. माशाच्या तेलाच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूललाही असाच नियम लावावा : साध्या प्रतीत ईपीए १८० आणि डीएचए १२०, ही दोन मेदाम्ले मिळून ३०० मिलिग्रॅमच ओमेगा-३ असते. एखादी कॅप्सूल कापून वास घेतला की तेल खवट झाले आहे का, हे बहुधा तिथल्या तिथे कळते.

हळदीतील कर्क्युमिनचे शोषण फार कमी होते. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातील तिखट द्रव्य, दिल्यावर माणसांत जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. पिपरिन काही औषधांचीही रक्तातील पातळी वाढवते, ही दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही.

खाडीकाठच्या या शहरांत पावसाळ्याचे चार महिने दमट हवा असते, आणि तिचा परिणाम चांगल्या मालावरही होतो. उष्णता व ओल यांमुळे जिलेटिनच्या कॅप्सूलचे कवच घट्ट होऊन विरघळेनासे होऊ शकते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपकिरी पडतात. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये, आणि गोळ्या न्हाणीघराच्या किंवा ओट्यावरच्या कपाटात ठेवू नयेत.

शंका आल्यास ग्राहक स्वतः तपासणी करून घेऊ शकतो. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० नुसार खरेदीदाराला शुल्क भरून अन्नपदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळी मात्र आपला हा हेतू विक्रेत्याला कळवावा लागतो. अहवालात कायद्याचा भंग आढळला तर शुल्क परत मिळते. खाजगी प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर तिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती नेमक्या त्या चाचणीसाठी आहे का, हे आधी विचारावे. शिसे, पारा यांसारख्या जड धातूंची तपासणी वेगळी सांगावी लागते.

पूरक लागू पडले की नाही, हे शेवटी रक्ततपासणीतच दिसते : लोहासाठी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), ड जीवनसत्त्वासाठी २५-हायड्रॉक्सी ड, शिवाय ब१२ ची पातळी. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी आपण कोणती पूरके घेत आहोत हे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे.