बग्रामचं कार्गो विमान: लोड सरकला इतकंच नव्हतं

डॅशकॅमवर शूट झालेला तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल, अवाढव्य बोइंग ७४७ उडतं, नाक वर वर जातच राहतं, क्षणभर हवेत लटकल्यासारखं दिसतं आणि मग खाली. २९ एप्रिल २०१३, अफगाणिस्तानातला बग्राम तळ, नॅशनल एअरलाइन्सची फ्लाइट १०२. सातही क्रू गेले. तेव्हापासून "लोड मागे सरकला, बॅलन्स गेला" असंच सगळे सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे.

बॅलन्स जाण्याची केस म्हणजे १९९७ची मायामीची. फाइन एअरच्या डीसी-८ मध्ये डेनिमच्या कापडाचा माल चुकीचा लोड झाला, वजन मागे गेलं, ट्रिम, म्हणजे नाक किती वर-खाली राहावं याची शेपटीची सेटिंग, त्याप्रमाणे नव्हती, उडता उडता स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच गेली. विमानातले ४ आणि जमिनीवरचा १ असे ५ जण गेले.

बग्रामला पोटात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या, दोन १२ टनी आणि तीन १८ टनी. अफगाणिस्तानातल्याच कॅम्प बॅस्टियन या लष्करी तळावर भरलेल्या, बग्रामला फक्त इंधनासाठी थांबा, पुढे दुबई. गाड्या ज्या पॅलेटवर (माल ठेवायच्या सपाट फळ्यांवर) होत्या ते पॅलेट फ्लोअरच्या लॉकमध्ये बसलेलेच नव्हते, सगळी भिस्त पट्ट्यांवर. आता पट्टा ५००० पाउंडांची ओढ सोसणारा म्हटला तरी तो तिरका बांधला की पुढे-मागे धरायची ताकद कमी होते, हे साधं गणित, पण कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बोइंगची आणि कार्गो सिस्टिम बनवणाऱ्यांची याबद्दलची महत्त्वाची माहिती धड आलेलीच नव्हती. बांधणाऱ्यांनी मॅन्युअलप्रमाणेच बांधलं होतं म्हणे, मग दोष एकट्या लोडमास्टरच्या, म्हणजे माल बांधण्याची जबाबदारी असलेल्या क्रूच्या, माथी कसा मारणार?

नाक उचलताना सगळ्यात मागची गाडी सुटली आणि मागच्या प्रेशर बल्कहेडवर, म्हणजे केबिनच्या शेवटच्या हवाबंद भिंतीवर, जाऊन आदळली. त्याच्या पलीकडेच दोन हायड्रॉलिक सिस्टिमच्या लाइनी आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा जॅकस्क्रू, म्हणजे मोठा आटेदार दांडा. तोच मोडला, मग पायलटनी कितीही स्टिक पुढे ढकलली तरी नाक खाली येणार कसं! उड्डाणाची नोंद ठेवणारे रेकॉर्डरही (ब्लॅक बॉक्स) शेपटीतच, तेही उड्डाणानंतर काही क्षणांत बंद पडले. मग तपासवाल्यांना बरंच काही रनवेवरच सापडलं: हायड्रॉलिक पाइपचे तुकडे, विमानाच्या पत्र्याचे तुकडे आणि त्या लष्करी गाडीच्या अँटेनाचा तुकडा. विमानाच्या पोटात असायला हवी ती वस्तू धावपट्टीवर पडलेली.

अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, २०१५ मध्ये ठपका ठेवला तो कंपनीच्या अपुऱ्या पद्धतींवर आणि तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, एफएएच्या, ढिल्या देखरेखीवर. त्यातली एक गोष्ट मला अजून पटत नाही, पायलटला लायसन्स लागतं, मेकॅनिकला लागतं, आणि एवढा अवजड लोड बांधणाऱ्याला तेव्हा एफएएचं कसलंच सर्टिफिकेट लागत नव्हतं.