‘सोड’ म्हटल्यावर कुत्र्याने का सोडावं?

पावसाळ्यात भाजलेल्या मक्याच्या गाड्या लागल्या की रस्त्याच्या कडेला दाणे खाऊन फेकलेली कणसं पडू लागतात. मीठ, लिंबू, लोणी आणि माणसाच्या तोंडाचा वास लागलेलं असं कणीस कुत्र्याला पक्वान्नच वाटतं. त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, दाढा कात्रीसारख्या कापतात. त्यामुळे तो चघळत बसत नाही, दोन-तीन तुकडे करतो आणि गिळतो. उन्हाळ्यात हेच आंब्याच्या कोयीचं होतं.

कणसाचा दांडा जठरातल्या आम्लात विरघळत नाही. तो कधी काही दिवस, कधी काही आठवडे तिथेच पडून राहतो आणि मग पुढे सरकून लहान आतड्यात अडकतो. अडकलेल्या जागी आतड्याच्या भिंतीवर दाब येतो, रक्तपुरवठा तुटतो, भिंत कुजते आणि फाटते. पुन्हा पुन्हा उलट्या, खाण्याकडे पाठ, पोटाला हात लावला की कण्हणं, शी न होणं, अशी लक्षणं दिसली तर ‘अपचन झालंय, उद्या बघू’ म्हणून थांबू नका. कणीस किंवा कोय एक्स-रेमध्ये दगड-धातूइतकी ठळक दिसत नाही, म्हणून अनेकदा सोनोग्राफी करावी लागते. गेल्या महिन्याभरात कुत्र्याने असं काही उचललं होतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

कुत्र्याने काही उचललं की बहुतेक घरांत काय होतं? आरडाओरडा, पाठलाग, जबडा उघडून तोंडात बोटं. कुत्रा यातून एकच गोष्ट शिकतो: माणूस जवळ आला की तोंडातली वस्तू जाते. पुढच्या वेळी तो तुम्ही पोचायच्या आत गिळतो, नाहीतर गुरगुरतो. ‘आमचा कुत्रा खाण्यावरून अंगावर येतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा अशा हिसकाहिसकीत असतं. म्हणून ‘सोड’ हा शब्द धाक न राहता चांगल्या गोष्टीची वर्दी झाला पाहिजे.

सुरुवात करताना कुत्र्याच्या तोंडात काहीच नसावं. उकडलेल्या चिकनचे, पनीरचे किंवा अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या. साध्या आवाजात ‘सोड’ म्हणा, एक सेकंद थांबा आणि तीन-चार तुकडे जमिनीवर टाका. तो खात असताना बोटाने एकेक तुकडा दाखवत राहा, म्हणजे तुमचा हात तोंडाजवळ येण्याची त्याला सवय होते. एका वेळी असं आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवसांत शब्द ऐकताच त्याची नजर जमिनीकडे जाऊ लागली की पुढे सरका.

आता त्याला फारसं प्रिय नसलेलं एखादं खेळणं तोंडात असताना ‘सोड’ म्हणा आणि तुकडे टाका. तुकडे खायला तोंड उघडावंच लागतं. खेळणं पडलं की त्यावर झडप घालू नका. त्याला निवांत खाऊ द्या, मग खेळणं उचलून पाहा आणि परत द्या. हे परत देणं बहुतेक जण विसरतात आणि शिकवणी तिथेच फसते. सरावात दहापैकी नऊ वेळा वस्तू परत मिळाली, तर दहाव्या वेळी उंदराच्या विषाची वडी काढून घेतली तरी कुत्र्याचा विश्वास टिकतो. मग हळूहळू आवडीच्या वस्तूंकडे वळा: चेंडू, मोजा, चघळायची काडी.

दुसरी चूक क्रमाची. हात आधी खिशात जातो आणि शब्द नंतर येतो. मग कुत्रा खिसा वाचायला शिकतो, शब्द नाही. घंटा वाजली की खाऊ मिळतो हे कुत्र्यांना शिकवणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या प्रयोगांपासून माहीत असलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: खूण आधी, खाऊ नंतर.

‘राहू दे’ ही वेगळी आज्ञा, वस्तू तोंडात जाण्याआधीची. मुठीत तुकडा धरा. कुत्रा हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, तुम्ही गप्प राहा. तोंड मागे घेतलं त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. मुठीतला द्यायचा नाही, नाहीतर ‘राहू दे’ म्हणजे ‘जरा थांब, मग खा’ असा अर्थ तो लावेल. पुढे उघडा तळवा, मग बुटाजवळ ठेवलेला तुकडा, मग दोरीवर चालताना तीन-चार मीटरवरची पोळी. ते जमलं की अंतर कमी करा. रस्त्यावर दोरी दीड-दोन मीटरची पुरे, लांबत जाणाऱ्या दोरीवर कुत्रा तुमच्या आधी कचऱ्यापाशी पोचतो.

कुत्रा फारच खादाड असेल तर लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की ब्रिटनमधल्या सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये ‘पॉम्क’ नावाच्या जनुकाचा छोटा तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांचं लक्ष खाण्याकडे जास्त असतं. अशा कुत्र्याला फिरताना जाळीचं मझल, म्हणजे तोंडावरची मुसकी, घालणं ही क्रूरता नाही. त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी घट्ट मझल मात्र आपल्या उन्हात घातक, कारण कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापांवरच. आधी आठवडाभर जाळीच्या आत दही लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, मगच पट्टा बांधा.

घरातला धोका अनेकदा डब्यात आणि पर्समध्ये असतो. डार्क चॉकलेटच्या प्रत्येक ग्रॅममध्ये साधारण ५ मिलिग्रॅम किंवा जास्त थिओब्रोमीन हा कुत्र्याला बाधणारा घटक असतो आणि कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅमची वडी पुरते. बिनसाखरेच्या च्युइंगममधल्या झायलिटॉल या गोडव्यासाठी घातलेल्या पदार्थामुळे अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. कांदा-लसूण शिजवला तरी तांबड्या पेशी फोडतो आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात हे ठाऊक होतं, कारण कळत नव्हतं. क्रीम ऑफ टार्टर (टार्टारिक आम्लाचा क्षार असलेली, बेकिंगमध्ये वापरायची पूड) घालून घरी मळलेली खेळायची माती खाल्लेल्या कुत्र्यात तीच लक्षणं दिसली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हे आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वर्षाची चिंच फोडून परातीत वाळत घालणाऱ्या घरांनी ती परात कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

कुत्र्याने काही गिळलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला इजा होते. आम्ल, रॉकेल किंवा टोकदार वस्तू पोटात असेल तर उलटीच घातक ठरते. वेष्टन, अंदाजे प्रमाण, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचं वजन हाताशी ठेवून डॉक्टरांना फोन करा. उलटीचं इंजेक्शन साधारण पहिल्या दोन तासांत जास्त उपयोगी पडतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं चिरतं.

उंदराच्या विषाचं पाकीट तर नक्की सोबत न्या, कारण त्यात मुख्य दोन प्रकार. शेतात वापरतात ते झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू सोडतं, म्हणून दूध-पोळी भरवू नका. अन्न गेलं की आम्ल वाढतं. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, उलटीतून येणारा वायू माणसालाही बाधतो. दुसरा प्रकार रक्त गोठू न देणारा. यात कुत्रा दोन ते पाच दिवस अगदी ठणठणीत दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. तो खेळतोय म्हणून घरी थांबू नका. यावर के-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बहुधा तीन-चार आठवडे द्याव्या लागतात. त्या जेवणाबरोबर द्या, थोडी चरबी असली की त्या चांगल्या शोषल्या जातात. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची चाचणी करून घ्या.