नॅक मूल्यांकन

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांची शैक्षणिक गुणवत्ता तपासून त्यांना श्रेणी देण्याची भारतातील पद्धत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच 'नॅक', हे काम करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये ती स्थापन केली. मुख्यालय बंगळुरूला आहे.

महाविद्यालय आधी स्वतःविषयीचा अहवाल (एसएसआर) सादर करते. त्यातली आकडेवारी पडताळली जाते, मग बाहेरच्या प्राध्यापकांची पीअर टीम पाहणी करते. निकष सात. संलग्न महाविद्यालयांसाठी हजारापैकी ३५० गुण एकट्या अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाला आहेत, आणि ते योग्यच आहे. अंतिम सरासरी चारपैकी काढतात: ३.५१ पासून पुढे ए++, तर १.५० किंवा त्याहून कमी असल्यास अधिस्वीकृती, म्हणजे गुणवत्तेची मान्यता, नाही. श्रेणी साधारणपणे पाच वर्षे टिकते.

२०१७ च्या बदलांनंतर बहुतांश गुण आकडेवारीवर ठरू लागले. पीअर टीमच्या मर्जीला त्यामुळे आळा बसला, पण कागदाचे वजन वाढले. कार्यक्रम झाला की हजेरीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो फाइलला लागलाच पाहिजे. 'नॅक आलंय' म्हटले की स्टाफरूममध्ये रात्री उशिरापर्यंत पाच वर्षांच्या फायली लागतात. त्या काळात तास बुडतात, हे शिकवणाऱ्या माणसाला सलणारे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने एका पीअर टीमच्या सदस्यांना अटक केली.

तरीही काही आकडे बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतात. मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत, हा त्यातला एक. महाराष्ट्रात अनेक अनुदानित महाविद्यालये रिक्त जागा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडून भागवतात. असा प्राध्यापक मन लावून शिकवतो, पण पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री नसते. हे दुखणे कितीही नेटक्या फायलीने झाकले जात नाही.

दुसरा मोलाचा भाग म्हणजे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. त्यासाठी विद्यार्थ्यांचे ईमेल पत्ते महाविद्यालयाकडून घेतले जातात, पण प्रश्नावली परिषद स्वतः पाठवते. त्यातला पहिलाच प्रश्न अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला, असा आहे. त्याचे उत्तर बाकावर बसलेल्या मुलालाच ठाऊक असते.